न लवणारी पापणी

मनमाड हे गाडी बदलायचं गाव. मुंबई-भुसावळ मार्ग, दौंडकडून येणारा फाटा आणि छत्रपती संभाजीनगर-नांदेडकडे जाणारी वाट इथे एकमेकांना भेटतात. अशा गावात फोटो स्टुडिओला गिऱ्हाईक कमी पडत नाही. रेल्वेचा पास, वर्कशॉपातल्या भरतीचा अर्ज, धान्याच्या गोदामावरचं ओळखपत्र, साखरपुडा, लग्न. शिवाय एक काम असं, की त्याची पाटी कुठलाही स्टुडिओवाला लावत नसे. घरातलं वडीलधारं माणूस गेलं की कळायचं, त्याचा धड एक फोटो नाही. असलाच तर कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यात, मागच्या रांगेत, अर्धा झाकलेला. मुलांना भिंतीवर लावायला फोटो हवा आणि तो कोटातला हवा. मग स्टुडिओवाला तो चेहरा उचलायचा आणि तयार कोटावर बसवायचा. आधी कात्री, डिंक आणि बारीक ब्रश, पुढे फोटोशॉप. वडिलांच्या अंगाला जन्मात कोट लागला नव्हता हे घरात सगळ्यांना ठाऊक, तरी त्या फोटोला हार घालताना फसवणूक झाली असं कुणाला वाटत नसे. ही रीत काही मनमाडचीच नव्हे. महाराष्ट्रातल्या बहुतेक तालुक्यांच्या गावी असे कोटातले आजोबा भिंतीवर आहेत.

चेहऱ्याशी खेळायची हौस या नाशिक जिल्ह्याला तशी जुनीच. धुंडिराज गोविंद फाळके १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मले. फोटोग्राफी, छपाई, जादूचे प्रयोग असं सगळं करून ते सिनेमाकडे वळले. त्यांच्या १९१७ सालच्या ‘लंकादहन’मध्ये अण्णा साळुंके राम झाले आणि सीताही झाले. बाई कॅमेऱ्यासमोर उभी राहायला तयार नव्हती, म्हणून एकाच माणसावर दोघांची सोय. सीतेच्या दंडाचे स्नायू प्रेक्षकांना दिसायचे, असं अजून सांगतात. मनमाडहून मालेगाव तर हाकेच्या अंतरावर. तिथे नासिर शेख यांनी २००० च्या सुमारास ‘मालेगाव के शोले’ काढला तेव्हा नामवंत नटांसारखे दिसणारे गावकरी त्यांना हुडकावे लागले. आज ते हुडकणं वाचलं असतं. फुकट मिळणारं सॉफ्टवेअर उतरवून घ्यायचं, एक फोटो द्यायचा, आणि मालेगावच्या यंत्रमागावरच्या माणसाला धर्मेंद्रचा चेहरा लावायचा.

कोटातल्या आजोबांपासून इथवरचा प्रवास कसा झाला, यापेक्षा मला त्यातला एक मधला टप्पा जास्त ओढतो. खोटा चेहरा पकडला गेला तो क्षण. पकडणारा माणूस अमेरिकेतल्या ऑल्बनीचा. पण त्याला सापडलेलं गुपित आपल्या गावच्या स्टुडिओवाल्याच्या कचऱ्याच्या टोपलीत कित्येक वर्षं पडून होतं.

२०१७ च्या शेवटी एका अनामिक माणसाने इंटरनेटवर काही चित्रफिती टाकायला सुरुवात केली. प्रसिद्ध अभिनेत्रींचे चेहरे अश्लील चित्रफितींमधल्या बायकांच्या धडांवर बसवलेले. त्याने स्वतःला घेतलेलं नाव म्हणजे ‘डीपफेक्स’. पुढे तेच नाव त्या साऱ्या प्रकाराला चिकटलं. जानेवारी २०१८ मध्ये ‘फेकअ‍ॅप’ नावाचं फुकट सॉफ्टवेअर आलं आणि ज्याला प्रोग्रामिंगचा गंध नाही असा माणूसही हे करू लागला. चांगलं ग्राफिक्स कार्ड, दोन्ही चेहऱ्यांचे शेकडो फोटो आणि यंत्र तासन् तास चालू ठेवायची तयारी, एवढंच भांडवल.

त्यामागची युक्ती मोठी हुशारीची आहे. चौकीत एक कारकून बसलाय असं समजा. त्याच्यासमोर दोन माणसांचे फोटो एकामागून एक येतात. तो फक्त टिपणं काढतो : मान डावीकडे, तोंड अर्धं उघडं, भुवई वर, उजेड उजवीकडून. शेजारी दोन चित्रकार. पहिल्याला फक्त पहिल्या माणसाचा चेहरा काढता येतो, दुसऱ्याला फक्त दुसऱ्याचा. कारकुनाचं टिपण वाचून जो तो आपापल्या माणसाचं चित्र काढतो, ते मूळ फोटोशी ताडून पाहिलं जातं, चुकलं की सुधारलं जातं. लाखो वेळा असं झालं की कारकुनाची भाषा दोघांच्या अंगवळणी पडते. मग एक दिवस लबाडी करायची. पहिल्या माणसाच्या फोटोचं टिपण दुसऱ्या चित्रकाराच्या हाती द्यायचं. तो बिचारा टिपणाप्रमाणे मान डावीकडे, तोंड अर्धं उघडं असं सगळं बरोबर काढतो, फक्त चेहरा मात्र दुसऱ्याचा. हावभाव एकाचे, तोंडवळा भलत्याचाच. चित्रफितीच्या प्रत्येक चौकटीला हेच केलं की बदललेला चेहरा बोलू-हसू लागतो. संगणकाच्या भाषेत कारकुनाला एन्कोडर म्हणतात आणि चित्रकारांना डीकोडर.

सिवेई ल्यू तेव्हा ऑल्बनी इथल्या स्टेट युनिव्हर्सिटी ऑफ न्यूयॉर्कमध्ये संगणकशास्त्राचे प्राध्यापक होते. चीनमध्ये पेकिंग विद्यापीठात शिकलेले, पुढे अमेरिकेत डार्टमथला हॅनी फरीद यांच्या हाताखाली पीएचडी. हे फरीद म्हणजे बनावट फोटो ओळखण्याच्या शास्त्राचे जवळजवळ जनकच. अमेरिकेच्या संरक्षण खात्याची संशोधन संस्था डार्पा २०१६ पासून याच कामाला पैसे देत होती आणि ल्यू त्या कामात होते. पण त्यांची सारी हत्यारं जुन्या बनावटीसाठी घडवलेली. कात्रीने कापलेल्या कडा, दोन फोटोंमधला उजेडाचा फरक, एकाच तुकड्याची नक्कल करून चिकटवलेली गर्दी. इथे कात्री कुठे लागलीच नव्हती. चेहरा चिकटवलेला नव्हता, नव्याने काढलेला होता. शिवण असेल तर उसवायची. इथे शिवणच नाही.

युएझुन ली आणि मिंग-चिंग चांग या सहकाऱ्यांसह ल्यू या बनावट चित्रफिती पाहत बसले. काही स्वतःही तयार केल्या, कारण खोटं कसं बनतं ते हाताने केल्याशिवाय कळत नाही. पाहताना त्यांना अस्वस्थ वाटे. ओठ जुळतात, मान वळते, त्वचेचा रंग ठीक आहे, तरी समोरच्या माणसात काहीतरी खटकतंय. काय, ते मात्र बोट ठेवून सांगता येईना. संशोधनात हा काळ सर्वांत वाईट. हाती आकडे असतात, यंत्र असतं, पण विचारायचा प्रश्नच सापडलेला नसतो.

मग ते लक्षात आलं. समोरचा माणूस टक लावून पाहत होता. एकसारखा. त्याची पापणी लवतच नव्हती.

निरोगी प्रौढ माणसाची पापणी साधारण दर दोन ते दहा सेकंदांनी लवते. एकदा मिटून उघडायला सेकंदाचा दहावा ते चार-दशांश भाग लागतो. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सरासरी १७ वेळा पापण्या मिटतो, बोलताना २६ वेळा, आणि वाचताना हा आकडा चार-पाचावर येतो. (हे वाचताना तुमचाही आला असेल.) बोलणारा माणूस अर्धा मिनिट पापणी न लववता बोलतो आहे, असं प्रत्यक्षात सहसा घडत नाही. ते आपल्याला जाणवतं. पण आपण पापण्या मोजत बसत नाही, म्हणून नुसतं ‘काहीतरी खटकतंय’ एवढ्यावर थांबतो.

पण का लवत नव्हती? खरा शोध इथे आहे, आणि त्याचं उत्तर मनमाडच्या कुठल्याही स्टुडिओवाल्याने चहा पिता पिता दिलं असतं. लग्नाचे फोटो निवडायला बसलं की पहिली गळती कुणाला लागते? डोळे मिटलेल्यांना. नवरी सुरेख आली, दागिने सुरेख आले, अक्षता हवेत आहेत, पण डोळे मिटले, फोटो बाद. रोलच्या जमान्यात असा फोटो म्हणजे एक चौकट वाया गेल्याची हळहळ, आता बोटाच्या एका टिचकीत पुसून टाकतात. अल्बममध्ये, पेपरात, नेत्याच्या फलकावर, सिनेमाच्या पोस्टरवर, कुठेच मिटलेले डोळे जात नाहीत. एक तर मुळातच आपले डोळे बहुतेक वेळ उघडे. त्यात जे थोडे मिटलेले फोटो निघतात ते आपण स्वतःच्या हाताने फेकून देतो. इंटरनेटवर साठलेले माणसांचे कोट्यवधी फोटो म्हणजे असा निवडून घेतलेला अल्बमच. त्या चित्रकाराने शिकताना मिटलेला डोळा कधी पाहिलाच नव्हता. टिपणात ‘डोळे मिटलेले’ असं आलं तरी तो काढणार कुठून?

म्हणजे खोट्या चेहऱ्याची खूण चेहऱ्यात जे होतं त्यात नव्हती. जे नव्हतं त्यात होती. मला या शोधाचं सगळ्यात मोठं अप्रूप याचंच वाटतं. इतकी वर्षं बनावटीचा माग काढणारे लोक काय जास्तीचं घातलंय ते शोधत होते. ल्यू यांनी उणं काय आहे ते पाहिलं.

कल्पना सुचली, पण ती सिद्ध करायची तर यंत्राला पापणी ओळखता यायला हवी, आणि तेही वाटतं तेवढं सोपं नाही. एकच चौकट पाहून अर्धा मिटलेला डोळा मिटायला निघालाय की उघडायला, की माणूस नुसता खाली पाहतोय, हे सांगता येत नाही. आधीच्या चौकटी लक्षात ठेवाव्या लागतात. म्हणून या तिघांनी दोन प्रकारची यंत्रणा जोडली : एक भाग प्रत्येक चौकटीतल्या डोळ्याचं रूप पाहणारा, दुसरा भाग काही क्षणांपूर्वी काय होतं ते स्मरणात ठेवणारा. खऱ्या माणसांच्या मुलाखतींच्या चित्रफिती घेऊन तिला पापणीचा ठेका शिकवला. मग बनावट चित्रफिती समोर ठेवल्या. खऱ्यांमध्ये ठेका सापडे, खोट्यांमध्ये सरळ रेघ. ओळखण्याचं प्रमाण ९५ टक्क्यांच्या वर गेलं. जून २०१८ मध्ये त्यांनी निबंधाचा मसुदा इंटरनेटवर खुला केला.

विजय किती टिकला? काही आठवडे. ल्यू यांच्याकडे निनावी ईमेल येऊ लागले. आत चित्रफितींचे दुवे. उघडून पाहावं तर बनावट चेहरे, आणि ते व्यवस्थित पापण्या मिटत होते. बनावट करणाऱ्यांनी निबंध वाचला होता. उपायही साधा होता : शिकवणीच्या फोटोंमध्ये मिटलेल्या डोळ्यांचे घाला, किंवा फोटोंऐवजी मुलाखतींच्या चित्रफितींतून चौकटी उचला, त्यात पापण्या आपोआप येतात. स्वतः ल्यू यांनाही हे होणार याची कल्पना होती. त्यानंतर हाती लागलेली पुढची युक्ती त्यांनी काही काळ गुलदस्त्यातच ठेवली. संशोधकाने शोध दडवून ठेवायचा, हे विद्यापीठाच्या रीतीविरुद्ध. पण चोराला कुलपाचा नकाशा छापून द्यायचा का, हा प्रश्नही खोटा नाही. मला विचाराल तर त्यांनी केलं ते योग्यच.

पुढचा पाठलाग थोडक्यात सांगतो. २०२० मध्ये ल्यू आणि सहकारी पुन्हा डोळ्यांकडे वळले, या वेळी बुबुळावरच्या चमकेकडे. खऱ्या माणसाचे दोन्ही डोळे एकाच खिडकीकडे पाहत असतात, म्हणून दोन्हींत एकसारखी चमक पडते. यंत्राने शून्यातून काढलेल्या चेहऱ्यात ती दोन डोळ्यांत वेगवेगळी निघे. त्याच सुमारास इल्के देमिर आणि उमुर चिफ्तची यांनी तर नाडीच धरली. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर चेहऱ्याच्या त्वचेचा रंग आपल्याला दिसणार नाही इतका बारीक बदलतो. कॅमेऱ्याला तो टिपता येतो. बनावट चेहऱ्यात तो ठोका नीट सापडेना. इंटेल कंपनीने २०२२ मध्ये त्यावर उभारलेलं तपासयंत्र जाहीर केलं. वाटलं, आता काय करतील? रक्त कुठून आणतील? २०२५ च्या एप्रिलमध्ये बर्लिनच्या संशोधकांनी दाखवून दिलं की नव्या चांगल्या बनावटीत ठोकाही सापडतो. ज्या जिवंत माणसाच्या चित्रफितीवर चेहरा बसवला, त्याच्या नाडीचे ठोके नव्या चेहऱ्यात झिरपतात. धडधड एकाची, तोंड दुसऱ्याचं.

दरम्यान ते शेकडो फोटोंचं भांडवलही उरलं नाही. २०२३ च्या मे महिन्यात ‘रूप’ नावाचं फुकट, खुलं सॉफ्टवेअर आलं. नाव आपल्या कानाला ओळखीचं, काम त्याहून. त्याला चेहरा शिकवावा लागत नाही. एकच फोटो पुरतो. त्या फोटोचं ५१२ आकड्यांमध्ये सार काढायचं आणि ते समोरच्या चेहऱ्यावर ओतायचं, असं त्याचं तंत्र. मूळ सॉफ्टवेअरमध्ये नग्न चित्रांना अटकाव करणारी तपासणी घातलेली होती. पण कोड सर्वांना खुला. ती तपासणी काढून टाकलेल्या प्रती लगेच फिरू लागल्या. दारात चौकीदार ठेवायचा आणि भिंत ज्याला हवी त्याने पाडावी अशी मुभा द्यायची, यातून दुसरं काय निघणार होतं?

तरीही ल्यू यांना सापडलेलं तत्त्व जुनं झालं नाही, फक्त त्याची जागा बदलली. अल्बममध्ये आणखी कशाचे फोटो कमी असतात ते पाहा. पूर्ण बाजूने घेतलेला चेहरा. पोलीस ठाणं सोडलं तर माणसाचा शुद्ध बाजूचा फोटो हौसेने कोण काढतं? म्हणून चेहरा बदलून व्हिडीओ कॉलवर बोलणारा माणूस काटकोनात मान वळवतो तेव्हा पुष्कळदा त्याचा गाल डळमळतो, नाक सरकतं. चेहऱ्यासमोरून हात फिरवतानाचे फोटोही कुणी जपत नाही. हात फिरवायला लावला की बोटांच्या कडेला चेहरा फाटतो. या फुकट सॉफ्टवेअरचा चेहरा मुळात फक्त १२८ गुणिले १२८ ठिपक्यांचा असतो. तो मोठा करून दुसऱ्या यंत्राने घोटून घेतात, म्हणून गाल संगमरवरी आणि मान मात्र उन्हातान्हातली, असं जोडकाम दिसतं. पण हे आज. ही खूणही उद्या छापून येईल आणि परवा बुजेल.

नोव्हेंबर २०२३ मध्ये रश्मिका मंदाना या अभिनेत्रीची म्हणून लिफ्टमधली एक चित्रफीत देशभर फिरली. तिचा उलगडा पापणीवरून झाला नाही, नाडीवरून तर नाहीच. एका पत्रकाराने मूळ चित्रफीत शोधून शेजारी ठेवली. ती एका वेगळ्याच, ब्रिटनमधल्या भारतीय तरुणीची होती. आणि नीट पाहिल्यावर बनावट चित्रफितीतही लिफ्टमध्ये शिरताना पहिल्या क्षणी तिचाच खरा चेहरा दिसत होता. बदल त्यानंतर झाला होता. जानेवारी २०२४ मध्ये दिल्ली पोलिसांनी आंध्र प्रदेशातून एका तरुणाला पकडलं. अभिनेत्रीच्या नावाने चालवलेल्या पानाचे अनुयायी वाढावेत म्हणून केलं, असं पोलिसांनी सांगितलं. त्याच महिन्यात सचिन तेंडुलकर एका जुगारवजा गेमची तारीफ करताना दिसले. १५ जानेवारीला त्यांनी स्वतः ते बनावट असल्याचं जाहीर केलं आणि मुंबईत सायबर पोलिसांकडे गुन्हा नोंदला गेला. तिथे चेहरा तेंडुलकरांचाच होता; हलवले होते ते ओठ आणि आवाज.

तेंडुलकरांना एका वाक्यात खुलासा करता येतो आणि देश ऐकतो. मनमाडच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीचं तसं नाही. तिचा व्हॉट्सअ‍ॅपवरचा डीपी हा एक फोटो, आणि एकच लागतो. डीपट्रेस या कंपनीने २०१९ मध्ये इंटरनेटवरच्या १४,६७८ डीपफेक चित्रफिती मोजल्या, त्यातल्या ९६ टक्के बायकांच्या संमतीविना केलेल्या अश्लील होत्या. तेंडुलकर, नेते, निवडणुका यांची चर्चा मोठी होते. आकडा सांगतो की हे हत्यार मुख्यत्वे बायकांवर चाललं आहे.

म्हणून घरात कुणावर ही वेळ आली तर पापण्या मोजत बसू नका. चित्र खोटं आहे हे सिद्ध करायची जबाबदारी त्या मुलीची नाही. आयटी नियमांनी अशा छेडछाड केलेल्या चित्राची तक्रार त्या व्यक्तीने किंवा तिच्या वतीने कुणी केली की ते तातडीने हटवण्याचं बंधन कंपन्यांवर घातलं आहे. चित्र पुसून टाकण्याआधी त्याचा दुवा, तारीख आणि स्क्रीनशॉट जपून ठेवा. केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसे गेले असतील तर आधी १९३० वर फोन करा. मनमाड नाशिक ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत येतं, पण तक्रार जवळच्या कोणत्याही ठाण्यात देता येते. ‘आमची हद्द नाही’ असं सांगून कुणाला परत पाठवता येत नाही. आणि ‘स्टॉप एनसीआयआय’ नावाची एक फुकट सोय आहे. ती प्रौढांसाठी आहे. तिथे फोटो कुणाला पाठवावा लागत नाही. तुमच्याच फोनवर त्याचा अंकी ठसा तयार होतो आणि फेसबुक-इन्स्टाग्रामसारख्या ठिकाणी तो फोटो पुन्हा चढू नये म्हणून फक्त तो ठसा दिला जातो. मुलगी अठराच्या आतली असेल तर त्याच धर्तीची ‘टेक इट डाउन’ ही सोय वापरा. हे आजच घरातल्या मुलींना सांगून ठेवा, आणि मुलांनाही.